निघता गट

सर,

तुमचा तो शब्द चुकीचाच होता. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः निवृत्त होऊन घरी बसले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी माझं मत तसूभरही हललेलं नाही. गेलेल्या माणसाशी कसलं भांडायचं, असं माझी भाची मला म्हणते. तिचं बरोबर असेल. पण आपलं भांडण अर्धवट राहिलं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य तुमचं होतं. तुम्ही बोललात आणि सायकलवर टांग टाकून निघून गेलात. मला उत्तर द्यायला जागाच ठेवली नाहीत. ते मला अजून सलतं. म्हणून आज दुपारचं जेवण उरकून, ओटा पुसून, स्वयंपाकघरातच कागद घेऊन बसले आहे.

शनिवारच्या दुपारी आठवतात का हो तुम्हाला? सकाळची प्रात्यक्षिकं संपलेली, पोरं गावाकडच्या एसट्या पकडायला पळालेली, आणि प्रयोगशाळेच्या त्या लांब दगडी ओट्याशी तुम्ही आणि मी. तुम्ही विभागप्रमुख, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यांपेक्षा वयानं मोठी, कपाळावर कुंकू आणि गळ्यात काही नाही. खेड्यापाड्यातून आलेली पोरं बीएस्सीला इंग्रजीपायी धडाधड नापास होतात, हे तुम्हाला बघवत नव्हतं, म्हणून तुम्ही सेंद्रिय अभिक्रिया कशा घडतात यावर मराठीत पुस्तक लिहायला घेतलं होतं. त्याच्या शेवटी द्यायच्या परिभाषेसाठी तुम्ही मला मदतीला बोलावलं. तुमच्या घरून काकूंनी दिलेला सांज्याचा डबा आपण दोघांत वाटून खात असू. कुठल्यातरी बाटलीचं बूच नीट लागलेलं नसायचं, सांज्याला त्याचाच वास यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, खा गं, रसायनशास्त्रज्ञाला एवढं चालतं.

आपण त्या शब्दांवर काय वाद घातलेत! 'स्टेरिक हिंड्रन्स'ला तुम्ही 'अवकाशीय अवरोध' लिहून आणलंत. मी म्हटलं, सर, पोरं आकाशात बघत बसतील. आमच्या गंगावेशीच्या चौकात संध्याकाळी म्हशी पिळायला उभ्या असतात, भोवती पेले घेऊन माणसं, तिथं सायकल घेऊन मधे शिरता येत नाही, एवढंच आहे की हे. 'दाटी' म्हणा. तुम्ही हसलात. "अगं, शास्त्राला जरा भारदस्तपणा लागतो," म्हणालात आणि अवरोध तसाच ठेवलात. पण 'इंटरमीजिएट'ला 'मध्यस्थ' केलंत तेव्हा मी म्हटलं की आमच्याकडं मध्यस्थ म्हणजे सोयरीक जमवणारा माणूस, फेटा बांधून दोन्हीकडची जेवणं झोडणारा. तेव्हा मात्र तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात आणि मध्यस्थ खोडून 'मधला रेणू' लिहिलंत. म्हणजे शब्द बदलता येत होता, सर. तुमच्या हाताला ती सवय होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग एका शनिवारी 'लीव्हिंग ग्रुप' आला, अभिक्रियेत कार्बनपासून सुटून जाणारा तो गट. तुम्ही तुमच्या त्या बारीक, वळणदार अक्षरात लिहिलंत, 'परित्यक्त गट'. मी वाचते आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबते. तुम्ही पुढच्या शब्दाकडं वळलेलासुद्धा आहात. मी म्हणते, "सर, हा नको." तुम्ही चष्म्यावरून बघता. "का? चांगला संस्कृत शब्द आहे. कार्बन ज्याचा त्याग करतो, तो परित्यक्त." मी म्हणते, "कार्बन कुठं त्याग करतो, सर? क्लोरीन निघतो. बंध तोडून स्वतः निघतो, आणि जाताना बंधातली इलेक्ट्रॉनांची अख्खी जोडी बरोबर घेऊन जातो. मागं कार्बन बसतो हात चोळत. टाकलेल्याच्या हातात कोण जोडी देतंय?" तुम्ही म्हणालात, व्याकरणानं बघ. मी म्हणाले, "व्याकरणानंच बघते आहे. तुम्ही कार्बनच्या बाजूनं का बघताय?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. मग अगदी मऊ आवाजात म्हणालात, "तू हे मनाला लावून घेतेस. शास्त्रात असं चालत नाही." सर, तुम्ही मला रागावला असतात तर मी एकवेळ सहन केलं असतं. पण तुम्हाला माझी कीव आली होती.

कारण कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं तसं तुम्हालाही माहीत होतं, की मी गडहिंग्लजहून परत आलेली बाई आहे. बीएस्सीचा निकाल लागला आणि माझं लग्न झालं. सासरचं बाजारपेठेत किराणा दुकान. पुढं शिकू देऊ असं बैठकीत कबूल केलेलं, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मारहाण नव्हती, उपास नव्हते, त्यामुळं मी का निघाले हे लोकांना सांगूनही कळायचं नाही. मी माहेराहून माझ्या रसायनशास्त्राच्या वह्या नेल्या होत्या. एक दिवस दुकानात सासऱ्यांना चहा द्यायला गेले तर माझा नवरा एका म्हातारीला जिरं बांधून देत होता, आणि पुडीवर माझं अक्षर. बेंझिनचा षटकोन मधोमध दुमडलेला. मी विचारलं तर म्हणाला, "रद्दीच हाय की. आता तुला काय करायचीया?" म्हातारी पुडी कनवटीला लावून निघून गेली. दुकानात रांग होती, सासरे चहा पीत होते, आणि मी ट्रे धरून उभी होते.

आई उत्तरेश्वर पेठेत एकटी राहायची, दोन म्हशी पाळायची, गंगावेशीत दूध घालायची. मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तेव्हा ती म्हशीला पेंड घालत होती. "हातपाय धू, भाकरी झालीया," एवढंच बोलली. गल्लीतल्या बायका मात्र चौकशीला आल्याच. एकीनं उसासा टाकून विचारलं, "टाकली व्हय गं पोरीला?" आई चुलीपुढनं उठली, हातातलं पीठ तसंच, आणि म्हणाली, "कोण टाकतंय तिला? टाकायला ती काय शिळं कालवण हाय?" ती बाई परत आमच्या दारात आली नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या अंगठेबहाद्दर आईला कळली आणि तुम्हाला कळली नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला कळत होतं. तुम्हाला ती महत्त्वाची वाटली नाही, हा माझा राग आहे.

आणि तुम्हीच तर मला ते शिकवलं होतंत हो! तृतीयक ब्यूटिल क्लोराइडचा प्रयोग तुम्ही आमच्याकडून करून घेतलात. क्लोरीनची जागा घ्यायला येतं ते अल्कली वाढवून बघा, म्हणालात. आम्ही वाढवलं. अभिक्रियेचा वेग तेवढाच. तुम्ही खडूनं फळ्यावर लिहिलंत की मागून येणाऱ्यांची गर्दी कितीही वाढवली तरी काही फरक पडत नाही. निघणारा निघायला किती वेळ घेतो, त्यावर सगळं ठरतं. ती संथ पायरी, तीच वेग ठरवणारी. बाकीचं पटकन होतं. मग तुम्ही विचारलंत, चांगला लीव्हिंग ग्रुप कोणाला म्हणायचं? तुम्हीच उत्तर दिलंत, "जो निघाल्यावर एकटा स्वस्थ राहू शकतो तो." पुढच्या बाकावर मी एकटी मुलगी. तुम्ही पाठमोरे, खांद्यावर खडूची भुकटी. ते वाक्य मी वहीत दोनदा लिहिलं, सर. मला वाटलं, या माणसाला माझं सगळं कळलेलं आहे. नंतर परिभाषेचा कागद पुढं आला तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला फक्त क्लोरीनचं कळलं होतं.

आता नोकरीचा दिवस. निकाल लागला, मी विद्यापीठात वर आले, आणि तुम्ही स्वतः खटपट करून आपल्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेसाठी माझं नाव पुढं केलंत. हे उपकार मी नाकारत नाही. ती जागा मला हवी होती. आईचे गुडघे गेले होते, एक म्हैस आटली होती, आणि मला त्या ओट्याशी उभं राहून पोरांना शिकवायचं होतं, त्यापलीकडं आयुष्यात दुसरं काही नको होतं. मी आईचं इरकली लुगडं नेसून आले. आत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, तुम्ही. अध्यक्ष साखर कारखान्याच्या सभेतून थेट आलेले, कपाळावर टिळा, समोर पानाची चंची. त्यांनी माझा अर्ज हातात घेऊन तुम्हाला विचारलं, "ह्या पोरीचं काय हाय, सर? लग्न झालंय लिवलंय, आन् ऱ्हाती आईकडं?"

तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "परित्यक्ता आहे, साहेब. बिचारीला कुणाचा आधार नाही. हुशार आहे." अध्यक्षांचा चेहरा लगेच विरघळला. वाईट माणूस नव्हता तो. "आरारा. मालकानं टाकलं व्हय? मग द्या की जागा. पुण्याचं काम हाय." झालं होतं सगळं. प्राचार्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं. मला गप्प बसायचं होतं, सर, खरंच बसायचं होतं. पण तोंडातून निघालं ते शुद्धसुद्धा निघालं नाही. "मला कुणी टाकलेलं न्हाई. मीच निघून आलीया."

अध्यक्षांनी चंची बंद केली. "म्हंजे नांदत न्हाईस तू? आपल्या मनानं आलीस?" मी हो म्हटलं. "मग अवघड हाय," ते तुम्हाला म्हणाले, माझ्याशी बोलायचं कामच संपल्यासारखे. "उद्या पोरींच्या आया मला इचारतील. टाकल्याली असती तर गोष्ट येगळी." बघा सर, किती नीट सांगितलं त्यांनी. टाकलेल्या बाईला जागा होती, निघालेल्या बाईला नव्हती. एका शब्दाची किंमत काय असते, ते तुमच्या परिभाषेपेक्षा त्या अध्यक्षांना जास्त चांगलं ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात तुम्ही माझ्यामागून धावत आलात. तुम्हाला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "एक शब्द गिळायला काय झालं होतं तुला?" मी म्हणाले, "एक शब्द बदलायला तुम्हाला काय झालं होतं?" तुम्ही म्हणालात की मी तुझ्यासाठी शब्द टाकला, माझी मान खाली घातलीस. मी म्हणाले, माझी मान वर ठेवली. पोरं जिन्यात उभी राहून ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. मला आजही त्या दिवसाचा पश्चात्ताप नाही. घरी गेल्यावर आईला सांगितलं तेव्हा तिनं घमेल्यातलं शेण थापता थापता विचारलं, "म्हंजे न्हाई मिळाली?" मी म्हटलं, न्हाई. "बरं. मग म्हशीचं पाणी काढ." त्या वर्षी मी बाहेरच्या खोलीत शिकवण्या घेतल्या. पोरं घोंगड्यावर बसायची, भिंतीपलीकडं म्हैस, आणि मी कोळशानं भिंतीवर अभिक्रिया पायरीपायरीनं कशी घडते ती यंत्रणा काढून दाखवायची. जागा अपुरी, सगळे गुडघ्याला गुडघा लावून. तिथं मी त्यांना दाटी शिकवली आणि एकालाही शंका आली नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही आमच्या घरी आलात. सायकल भिंतीला लावलीत, धोतराची क्लिप काढलीत, आणि पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलंत. नवीन शाईचा वास. आईनं तुम्हाला पेलाभर दूध दिलं, धारोष्ण, आणि तुम्ही सवय नसताना ते सगळं प्यायलात. वरच्या ओठाला फेस लागला होता. मी उभ्या उभ्या मागची पानं उलटली. 'परित्यक्त गट'. तिथंच होता. मी वर पाहिलं. तुम्हाला कळलं मी काय शोधत होते. "छापखान्यात गेलं होतं सगळं," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "पण खरं सांगू? नसतं गेलं, तरी मी बदललं नसतं." आणि सायकलवर टांग टाकून गेलात. हेच ते शेवटचं वाक्य. तुम्हाला खोटं बोलता आलं असतं, ते तुम्ही बोलला नाहीत, याचं मला कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी पुस्तक तुमच्या पाठीत भिरकवावंसं वाटलं. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा काकूंच्या दारात चपलांचा ढीग होता आणि तुम्हाला नेलेलं होतं.

मग ऐका पुढचं, जे तुम्हाला माहीत नाही. मला नोकरी लागली ती गडहिंग्लजला. हो, तिथंच. तिथल्या कॉलेजाला अभिक्रियांच्या यंत्रणा शिकवणारं माणूस मिळत नव्हतं. मुलाखतीत विचारलंच, मिस्टर काय करतात? मी म्हणाले, "तुमच्याच बाजारपेठेत दुकान आहे त्यांचं. जाऊन विचारा, मला बऱ्याच दिवसांत भेटले नाहीत." तिथले म्हातारे प्राचार्य खो खो हसले. नोकरी मिळाली. एसटी स्टँडवरून कॉलेजात जाताना ते दुकान वाटेतच. दुसरा रस्ता होता, लांबचा. मी एकदाही त्या रस्त्यानं गेले नाही. पहिली काही वर्षं नवरा मान खाली घालून तराजू बघत बसायचा, नंतर त्याचं दुसरं लग्न झालं, पोरं झाली, आणि त्यातली एक पोरगी पुढं माझ्याच वर्गात आली. यंत्रणा चांगल्या लिहायची. मी तिला तिचे होते तेवढे मार्क दिले, कमी नाही, जास्त नाही.

वर्गात मी तुमचंच पुस्तक वापरलं, कारण त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. हेही लिहून ठेवते. पण दर वर्षी त्या पानावर आले की पोरांना सांगायची, पेन काढा, हा शब्द खोडा, वर लिहा, 'निघता गट'. एवढ्या वर्षांत किती पोरांनी तुमचा शब्द खोडला असेल! आता पुस्तकही मिळत नाही आणि दोघांचेही शब्द गेले. पोरं सरळ लीव्हिंग ग्रुप म्हणतात. निवृत्त व्हायच्या आधी एका पोरानं पेपरात त्याचं मराठी करून लिहिलं होतं, 'जिवंत गट'. बिचाऱ्यानं लीव्हिंगचं लिव्हिंग केलं. बाकीचे प्राध्यापक हसून हसून बेजार झाले. मी लाल पेन हातात घेतला आणि त्याला पूर्ण गुण दिले. आपल्या दोघांपेक्षा त्याचा शब्द चांगला होता, सर.

आता एक गोष्ट, जी मी तुम्हाला सांगितली नाही, अध्यक्षांना नाही, आईलाही नाही. मी निघाले त्या सकाळी नवऱ्यानं मला खरंच हाकललं होतं. मी उरलेल्या वह्या परत मागितल्या, आवाज चढला, आणि तो उंबऱ्यात उभा राहून सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असा ओरडला, "एवढं हाय तर चालती हो की!" तुमच्या व्याकरणानं बघितलं तर तुमचा शब्द बरोबर ठरतो. तरीही मी तो शब्द कधी कुणाला लावू दिला नाही, आणि आजही देत नाही. कारण तो ओरडला तेव्हा माझी पिशवी दाराआड भरलेली होती. आषाढापासून महिनोन्महिने भरत होते मी ती. आधी प्रमाणपत्रं, मग लुगडी, एकेक, कुणाला दिसू नये म्हणून दाराआडच्या धान्याच्या पोत्यामागं. त्याचं ओरडणं एका श्वासात झालं. संथ पायरी माझी होती.

हे पत्र मी टाकणार नाही, सर. कुठं टाकणार? तुमच्या पुस्तकातच ठेवते, त्या पानाशी. तिथं माझ्या प्रतीत तुमचा शब्द मी कधी खोडलेला नाही.